सरांची शिफारस

४ जानेवारी

जर्मनीहून नकार आला. चार ओळींचा, सभ्य. आधी कौतुक, मग 'तथापि'. आता मी कौतुक वाचतच नाही, थेट 'तथापि' शोधते.

आईला वाटतं पोस्टडॉक म्हणजे आणखी एक परीक्षा. "डॉक्टर झालीस की, आता अजून काय व्हायचं हाय?" तिला सांगितलं, व्हायचं काही नाही, काम करायचं आहे. मोठ्या लॅबमध्ये वर्ष-दोन वर्षं पूर्णवेळ संशोधन, पगार घेऊन. ते नसेल तर पुढं कुणी दारात उभं करत नाही. सध्या मी आठवड्यातले दोन दिवस वारणानगरला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते आणि बाकीचे दिवस कोल्हापुरात सरांच्या लॅबमध्ये बिनपगारी राबते. ऑगस्टमध्ये मला पीएच.डी. मिळून पाच वर्षं होतील. बऱ्याच जागांना त्याच्या आतलेच लोक हवे असतात. म्हणजे हे वर्ष शेवटचं धरायचं.

उद्या पुन्हा ईमेल.

९ जानेवारी

उत्तर आलं. खरं उत्तर, आपोआप येणारं नव्हे. दक्षिण कोरिया, डेजॉन शहर, प्रोफेसर हान. शहरांच्या भुयारी गटारांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो, तो वेळेत ओळखणारे स्वस्त सेन्सर त्यांना बनवायचे आहेत. त्यासाठी एक माणूस हवा आहे.

तो माणूस मी आहे, हे त्यांना माहीत नसलं तरी मला माहीत आहे. मी बी.एस्सी.ला असताना आमच्या गडमुडशिंगीतल्या गल्लीतले केरबाकाका एका मैल्याच्या टाकीत उतरले आणि वर आलेच नाहीत. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून लोकांना वाटतं की कळेल. कळत नाही. गॅस वाढला की आधी नाकच मरतं. तेव्हापासून मी काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचे पातळ थर चढवत बसले आहे. हा गॅस लागला की त्या थराचा विद्युतरोध बदलतो, एवढीच कल्पना. बाकी दहा वर्षांची मेहनत.

सतराला ऑनलाइन मुलाखत. आणि गाइडचं शिफारसपत्र हवं.

११ जानेवारी

सरांना सांगितलं. डॉ. उदयसिंह सरनोबत, माझे गाइड. "जा की. जायालाच पायजे. पत्र टाकतो मी," म्हणाले. एवढ्या सहज हो म्हणतील असं वाटलं नव्हतं.

मुलाखतीचे ग्राफ त्यांच्यापुढं ठेवले तर बघितलेसुद्धा नाहीत. "तू वाच, मी ऐकतो." एक काळ होता, माझ्या प्रबंधातला स्वल्पविरामसुद्धा लाल शाईनं हलवायचे. आता खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून, "हं, पुढं." हल्ली त्यांची ऐट वाढली आहे. गाडी स्वतः चालवत नाहीत, मेहुणे सोडायला येतात. परवा कॉरिडॉरमध्ये अगदी समोरून गेले. मी नमस्कार केला, ओळखही दाखवली नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली की माणसं अशीच होतात बहुतेक.

१७ जानेवारी

मुलाखत झाली. कालपासून वारणानगरच्या बसमध्ये ओठांतल्या ओठांत इंग्रजी बोलत होते, शेजारची बाई सरकून बसली.

हान हळू बोलतात, मध्येच गप्प होतात. चांगले निकाल दाखवले तेव्हा नुसती मान हलवली. मग म्हणाले, "तुमचा सेन्सर जिथं फसतो ते दाखवा." मी ते ग्राफ शेवटी लपवून ठेवले होते. हवेत दमटपणा वाढला की माझा सेन्सर वाट्टेल ते सांगतो, आणि गटारात दमटपणाच असतो. सगळं दाखवलं. ते पुढं वाकले. पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागले.

महिनाअखेरपर्यंत सरांचं पत्र आलं पाहिजे. लिंक सरांना पाठवली आहे.

२२ जानेवारी

पत्र गेलेलं नाही. आज तिसऱ्यांदा विचारलं. "टाकतो म्हणलं न्हवं? सारखं सारखं काय विचारतीस?" शेजारी ठेवलेला चहा हाताला लागून सांडला, तर शिपायावर ओरडले, कप असा ठेवतात का म्हणून. कप नेहमीच्याच जागी होता.

घरी सांगितलं. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "आपण जय भीमवाली म्हणून तर लिहीत न्हाईत न्हवं?"

मी नाही म्हटलं. दहा वर्षांत सरांनी तसा शब्द काढलेला नाही. पण रागात असताना तोच प्रश्न माझ्याही मनात आला होता, हे इथं लिहून ठेवते.

दुसरं कारण मला पटतं. नव्या प्रोजेक्टचं सगळं काम मीच करते. मी गेले तर लॅब कोण चालवणार? पीएच.डी. करणारी मोना अजून दुसऱ्या वर्षाला आहे. फुकटचा माणूस कोण सोडतो?

२४ जानेवारी

आज लॅबमध्ये गॅस सुटला.

मोनाचं सेन्सरचं मोजमाप होतं. ती गडहिंग्लजची, हुशार पोर, पण सिलिंडरला अजून भिते. मी नळी जोडली, दोनदा ओढून बघितली. दाब लावणार तेवढ्यात सर आले. "सरक, मी लावतो." मीटरवर वाकले, चकती फिरवली, दोनवर लावलाय म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. मी वहीत तारीख टाकत होते. फट्ट आवाज झाला आणि वास आला. मग वास गेला. म्हणजे गॅस वाढला होता. श्वास रोखून सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, मोनाला दंडाला धरून बाहेर ओढलं, सगळा मजला रिकामा केला. ती जिन्यात उलट्या करत बसली. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.



२५ जानेवारी

विभागात बैठक झाली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दाब मी दोनवर लावला होता. नळी पूर्णिमानं जोडली होती. नीट बसली नसणार." बैठकीच्या इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं.

नळी मीच जोडली होती, हे तर खरंच.

२९ जानेवारी

झोप लागेना म्हणून आज तपासून बघितलं. साधा नायट्रोजन घेतला, तीच नळी, तसंच जोडलं. दोनच्या दाबाला नळी हलत नाही. पुन्हा पुन्हा केलं. मुद्दाम सैल जोडली तरी टिकते. दाब वाढवत नेला तेव्हा, पंधराच्या पुढं, फट्ट.

म्हणजे त्या दिवशी दाब जास्त होता. पण सर दोनवर म्हणाले. तीस वर्षं हे काम केलेला माणूस काटा चुकीचा कसा वाचेल? मग नळीच मी कशीतरी वेडीवाकडी बसवली असणार आणि मला आठवत नाही. जो माणूस हे विसरतो त्यानं परदेशी लॅबमध्ये विषारी गॅस हाताळावा का? हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे.

तरी हानना नवा ग्राफ पाठवला. दमटपणावर एक उपाय सुचला आहे. काम थांबवून शंका सुटत नाहीत.

१ फेब्रुवारी

लिंकची मुदत संपली. पत्र गेलं नाही.

वाटलं संपलं. दुपारी हानचा ईमेल. "पत्र मिळालं नाही. काही अडचण असेल तर तेराला मी तुमच्या गाइडशी पंधरा मिनिटं व्हिडिओवर बोलेन. तुमचा नवा ग्राफ बघितला. त्यावर प्रश्न आहेत."

प्रश्न आहेत म्हणजे दार बंद झालेलं नाही.

८ फेब्रुवारी

आता सगळं कळलं. जसं झालं तसं लिहिते.

हानचा ईमेल छापून सरांच्या केबिनमध्ये नेला. त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागद धरला, थोडा लांब, थोडा तिरका. एवढं पान वाचायला लागेल तेवढा वेळ बघत राहिले. म्हणाले, "चांगलं लिहिलंय. भला माणूस दिसतोय. बोलू की तेराला."

मी बाहेर आले तर हानचा ईमेल माझ्याच फायलीत. सरांना मी चुकून परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं वेळापत्रक दिलं होतं.

आधी हसू आलं, बघितलंसुद्धा नाही म्हणून. मग जिन्यात थांबले. त्यांनी बघितलं होतं. नीट, मन लावून बघितलं होतं.

"तू वाच, मी ऐकतो." मेहुण्यांची गाडी. नमस्कार. चहाचा कप. आणि तो काटा, दोन समजून वीसवर नेलेला. दोन आणि वीस त्या मीटरवर इतके जवळ नाहीत की चांगल्या डोळ्याचा माणूस फसेल.

मी महिनाभर त्यांना गर्विष्ठ ठरवत होते. आणि पंधरा दिवस स्वतःला बेजबाबदार.

१० फेब्रुवारी

मोना आज सांगत होती, सरांनी येत्या शुक्रवारी मोजमाप पुन्हा सुरू करायला सांगितलंय. "सर म्हणले, भिऊ नको, गॅस मी स्वतः लावतो. ताई, मग तर काय काळजी न्हाई की."



गुरुवारी हानचा कॉल, शुक्रवारी मोनाचं मोजमाप. गुरुवारपर्यंत गप्प बसले तर माझं काम होऊन जाईल. शुक्रवारी सकाळी सांगता येईल. असं मी ठरवलं होतं. दुपारपर्यंत हा फार शहाणपणाचा विचार वाटत होता.

संध्याकाळी आण्णांच्या दुकानात गेले. आण्णा, म्हणजे माझे वडील, टेलर आहेत. मशीन चालवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, विभागप्रमुखांना निनावी कळवू का?

"दहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलीस न्हवं? मग त्यांच्या तोंडावर सांग. माघारी न्हाई."

"आणि ते चिडले तर? माझं सगळं त्यांच्याच हातात आहे, आण्णा."

"व्हय, हाय," एवढंच म्हणाले आणि दोरा ओवायला लागले.

१२ फेब्रुवारी

आज दुपारी केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. सर म्हणाले, "कोण?" मी टेबलाच्या पलीकडंच उभी होते.

"पूर्णिमा, सर."

"हां. बस. उद्याचं ते कॉलचं कसं करायचं सांग."

"त्याआधी एक बोलायचं आहे. गॅस सुटला त्या दिवशी काटा तुम्हाला दिसला नव्हता."

"कोण म्हणलं?"

"कुणी नाही. चार दिवसांपूर्वी मी तुम्हाला हानचा ईमेल म्हणून परीक्षेचं वेळापत्रक दिलं. चुकून दिलं. तुम्ही म्हणालात, चांगलं लिहिलंय."

बाहेर कुणीतरी बाक ओढत होतं. मग सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, जणू आता त्याची गरज नाही.

"शुगरनं डोळ्याचा पडदा गेलाय," म्हणाले. "डावा जवळजवळ संपला. उजव्यात मधोमध डाग हाय. तुझे कान दिसत्यात मला, तोंड न्हाई दिसत. मिरजेला इंजेक्शनं चालू हायत."

"घरी माहीत आहे?"

"मेहुण्याला. बायकोला निम्मं."

"आणि माझं पत्र?"

"चारदा बसलो. त्या साइटवर शेवटाला ती वाकडीतिकडी अक्षरं वाचून टाकायला लावत्यात, मी माणूस हाय का मशीन ते बघायला. न्हाई जमली मला. कुणाला हाक मारणार? मला वाचून दाखवा म्हणून?"

मला हाक मारायची होती, सर. हे मी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते आणि पुढचं राहिलं असतं.

"शुक्रवारी तुम्ही गॅस लावायचा नाही," मी म्हटलं. "विभागप्रमुखांना तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर उद्या कॉल झाल्यावर मी सांगेन."

"कॉल झाल्यावर? आधी का न्हाई?"

माझी मान खाली गेली. ते म्हणाले ते बरोबर होतं. मी सौदा करत होते आणि तो न दिसणाऱ्या माणसाला दिसला.

"मग आधी सांगते. आत्ता जाते." मी उठले.

"थांब. उद्या माझ्या तोंडून तुझं ठरणार हाय. कळतंय न्हवं तुला?"

"कळतंय."

"तरी?"

"मोना आत असते, सर. मागच्या वेळी जिन्यापर्यंत आली. पुढच्या वेळी येईल का माहीत नाही."

त्यांनी चष्मा चाचपून हातात घेतला, पण घातला नाही. शेवटी म्हणाले, "सकाळपर्यंत दम धर. मग तुला जे करायचं ते कर. जा."

उद्या काय बोलतील, सांगता येत नाही. सकाळी लवकर जाणार आहे. त्यांनी सांगितलं नसेल तर मी सांगणार. कॉलच्या आधी.

१३ फेब्रुवारी

पोचले तर गॅसच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, "सरनोबत सर सकाळीच येऊन साहेबांकडं गेलतं. अर्धा तास बसलं हुतं. किल्ली मोना मॅडमकडं द्या म्हणून सांगितलंय."

मला विभागप्रमुखांकडं जावं लागलं नाही.

ठरल्या वेळी सरांच्या लॅपटॉपवर कॉल लावून दिला. हान दिसले. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं. अशा वेळी उमेदवारानं ऐकायचं नसतं. पण सरांचा आवाज म्हणजे बंद दार काय आणि उघडं काय. इंग्रजीसुद्धा ते कोल्हापुरीच बोलतात, सगळा मजला ऐकतो. लांब जायला हवं होतं. नाही गेले.

माझ्या कामाबद्दल थोडकंच बोलले. थर चांगले चढवते, आकडे लपवत नाही. मग म्हणाले:

"मागच्या महिन्यात माझ्या लॅबमध्ये गॅस सुटला. दोष मी हिच्यावर टाकला. चूक माझी होती. मला मीटर दिसत नाही. हे तिनं मला काल तोंडावर सांगितलं, आज मी तुमच्याशी बोलणार हे माहीत असून सांगितलं. हट्टी आहे. तुमचं चुकलं तर तुम्हालाही सांगेल. चालणार असेल तर घ्या."

हान काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग सरांचा आवाज.

"नाही, रागावलो होतो. रात्रभर रागावलो होतो. आता नाही."

मी पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभी राहिले.

१७ फेब्रुवारी

सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावून स्वतःच्या तोंडानं सांगितलं. डोळ्यांचं आणि त्या दिवशीचं, दोन्ही. बैठकीचं इतिवृत्त बदलून घेतलं. मोना रडायला लागली तर म्हणाले, "रडतीस काय, मेलो न्हाई मी. इथनं पुढं मी फक्त ऐकणार. तुम्ही नीट वाचायचं."

नियमही ठरला. गॅस चालू असताना खोलीचा मालक तो, ज्याचा हात व्हॉल्व्हवर आहे. बाकी कुणीही असो, विचारून आत यायचं.

२० फेब्रुवारी

हानचं पत्र आलं. एक वर्ष, काम बरं असेल तर पुढं दुसरं. मे महिन्यात रुजू.

पत्रात कौतुक नाही. दमटपणाच्या उपायात त्यांना दिसलेल्या दोन त्रुटी लिहिल्या आहेत आणि खाली, "इथं आल्यावर यावर भांडू."

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या लांब भांडायला चाललीस?" आणि मग जरा वेळानं, "जा. पर थंडी लई असती म्हणं तिकडं." आण्णांनी टेप काढून माझ्या खांद्यांचं माप घेतलं.

वारणानगरच्या कॉलेजला कळवायचं आहे. व्हिसा. पासपोर्टवरचा पत्ता जुना आहे. भरपूर कामं आहेत.

१९ मार्च

व्हिसाची कागदपत्रं गेली. सरांबरोबर शोधनिबंध पूर्ण केला. मी वाचते, ते डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच, "थांब, तिसरं वाक्य परत वाच." स्वल्पविराम अजून सोडत नाहीत. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उजवा आहे तेवढा टिकेल कदाचित. सर 'कदाचित' हा शब्द दोनदा म्हणाले.

मी जाऊ नये असं एकदा मनात आलं. लॅबचं कसं होईल म्हणून. सरांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुझ्याशिवाय बंद पडंल अशी लॅब मी बांधली असली तर तिला बंदच पडू दे." चिडून म्हणाले. बरं झालं चिडले.

२८ एप्रिल

लॅबमधला शेवटचा दिवस. परवा मुंबईहून विमान.

माझं सामान एका खोक्यात मावलं. मोनाचं मोजमाप चालू होतं म्हणून मी भिंतीला टेकून बघत उभी राहिले. तिनं नळी जोडली, ओढून बघितली, परत ओढून बघितली. दाब लावला आणि आकडा मोठ्यानं म्हटला.

दारावर टकटक झाली. सर होते. एक हात चौकटीवर.

"मोना, आत येऊ का?"

ही लॅब त्यांनी उभी केली. त्यातला पहिला सिलिंडर त्यांनी स्वतः ढकलत आणला होता म्हणतात. मोनानं माझ्याकडं बघितलं.

"थांबा सर," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह चालू हाय."

"बरं," सर म्हणाले, आणि हात मागं बांधून बाहेर उभे राहिले.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "झालं का?"

"न्हाई अजून."

"असू दे. सावकाश कर."

मी खोकं उचललं आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"पूर्णिमा, सर."

"हां. थांब जरा. ती सोडंल आपल्याला आत."

आम्ही दोघंही थांबलो.